ज्यास कोणी अडवीत नाही

संपूर्ण अधिकार ज्याच्या हाती आहे, त्यास आपल्या राज्यातील नियम सामान्य माणसास कसे भेटतात हे कळू शकते काय? प्रश्न राज्यशास्त्राचा वाटेल. आमच्या मनात मात्र तो संगणकाच्या एका रूक्ष कामावरून आला.

युनिक्स ही प्रणाली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली आकारास येऊ लागली. तीत, आणि तिच्याच वळणावर घडलेल्या लिनक्समध्ये, शून्य क्रमांकाचा एक वापरकर्ता असतो. त्यास 'रूट' म्हणतात. फाईल कोणी वाचावी, कोणी लिहावी, हे निर्बंध इतरांसाठी. रूटला ते बहुधा लागूच पडत नाहीत.

आता 'ग्नू कोअरयुटिल्स' हा संच घ्या. फाईलींची यादी देणारी 'एलएस', नक्कल करणारी 'सीपी', पुसून टाकणारी 'आरएम', अशा नित्याच्या आज्ञा त्यात आहेत. मूळ संहिता सर्वांस खुली असल्याने कोणीही तो संच आपल्या यंत्रावर बांधू शकतो. परंतु बांधणीची पूर्वतयारी रूट म्हणून करू गेल्यास ती मध्येच थांबते आणि तसे न करण्याविषयी बजावते. (एक विशिष्ट खूण ठेवून तिला गप्प करता येते. अपवादाचे कलम नसलेला नियम कोणत्या कचेरीत आहे?) कारण मोठे मार्मिक आहे. एका विशिष्ट प्रकारची फाईल रूटच्या अधिकाराविना निर्माण करता येते की नाही, हे त्या वेळी ताडून पाहावयाचे असते. रूटला ती करता येणारच. तेव्हा त्याच्या हातून केलेल्या प्रयोगातून काहीच निष्पन्न होत नाही.

चाचण्यांतही तेच. लिहिण्याची मनाई असलेल्या फोल्डरमधील फाईल 'आरएम'ने पुसू नये, नकार द्यावा, ही चाचणी रूटने चालविल्यास वगळली जाते. ज्यास नकार मिळतच नाही, त्याने नकाराची परीक्षा कशी घ्यावी? फाईलीची मालकी बदलणे यासारख्या काही चाचण्यांस मात्र रूटच लागतो. त्या वेगळ्या चालवाव्या लागतात.

साल्ट्झर आणि श्रोडर यांनी १९७५ च्या आपल्या निबंधात, प्रत्येकाने कामापुरताच अधिकार बाळगावा, असे तत्त्व मांडले. हेतू नुकसान टाळण्याचा. आम्हांस त्यात ज्ञानाचाही प्रश्न दिसतो. साहेब तपासणीस आले की खिडकी उघडी असते, रांग सरकते, हरवलेला कागद सापडतो. साहेब सज्जन असतील, कळकळीचेही असतील. त्यांच्या सज्जनपणाने खिडकी बंद असल्याचे त्यांस कसे दिसावे? येथे दोष वृत्तीचा नव्हे, जागेचा आहे. आणि म्हणूनच केवळ चांगला माणूस नेमून तो दूर होईल असे आम्हांस वाटत नाही.

कथांतील राजा वेषांतर करून रात्री नगरात हिंडे. पण पहारेकऱ्याने धरल्यास मुद्रिका दाखवून सुटण्याची सोय त्यास होती. युनिक्समध्ये रूटच्या अधिकाराने सुरू झालेली आज्ञावली आपला क्रमांक बदलून तो अधिकार कायमचा टाकू शकते. पुढे वाटेत कोठे अडली, तरी तो तिला परत घेता येत नाही.