रेड्याने वेद म्हटले नसते तर

पैठणच्या रेड्याची गोष्ट आपण चमत्कार म्हणून सांगतो. संन्याशाची मुलं शुद्धिपत्र मागायला गेली. सभेतला एक जण म्हणाला, तो पखालीचा रेडाही ज्ञाना आणि तूही ज्ञाना, मग दोघांत फरक काय? ज्ञानदेव म्हणाले, काही नाही. मग रेड्याने वेद म्हटले आणि सभा गप्प झाली. जुन्नर तालुक्यात आळ्याला त्या रेड्याची समाधी आहे. तिथे मी माथा टेकला आहे. पण गोष्टीचा गाभा मला रेडा बोलण्याच्या आधी दिसतो. 'काही फरक नाही' हे उत्तर ज्ञानदेवांनी पुराव्याची वाट न पाहता दिलं. वेद ऐकायची गरज सभेला होती, त्यांना नव्हती.

माझा सात वर्षांचा नातू स्वमग्न आहे. शब्द फार थोडे बोलतो. त्याला कुठल्या शाळेत घालायचं, हा कासारसाईतल्या आमच्या घरात रोजचा विषय. सूनबाई म्हणते, "आई, विशेष शाळेतच घालू. तिथे चित्रं दाखवून दिवस समजावतात, एकेका मुलाकडे बघतात." माझ्या मुलाला वाटतं, चुलतभावंडं जातात त्या गावच्या शाळेत त्यानेही जावं. मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, म्हणून दोघं माझ्याकडे बघतात.

सूनबाईचं म्हणणं हलकं नाही. गळीत हंगामात संत तुकाराम कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून निघाले, की हा कान दाबून भिंतीला चिकटतो. शाळेतला परिपाठ, घंटा, मधल्या सुट्टीतला गलका, हे सगळं त्याला खरोखर दुखतं. पण विशेष शाळा शहरात, म्हणजे हिंजवडीची वाहनांची रांग, रोज, जाताना आणि येताना. ते हॉर्न त्याने कुठल्या कानांनी ऐकायचे?

एका शाळेत आम्हाला सांगितलं, "बोलायला लागला की आणा." मला पैठणची सभा आठवली. नातवाला कुणाच्या जोडीला बसवायला मी ही गोष्ट काढत नाही. मला प्रश्न पडतो तो सभेतल्या आसनावर बसणाऱ्यांचा. आधी सिद्ध कर, मग ये, असं सांगायचा अधिकार त्यांना कुणी दिला?

आपल्या परंपरेत अधिकारभेदाचा विचार आहे: ज्याची जशी पात्रता, तशी त्याला साधना. शिकवण्याची रीत त्याने ठरत असेल, तर तो विचार मायेचा आहे. कुणाला पाटी, कुणाला चित्रं, कुणाला नुसतं शेजारी बसणं. पण त्याच विचाराने दार कुणासाठी उघडायचं हे ठरू लागलं, की तो अधर्म होतो. या देशात पिढ्यान्‌पिढ्या तसंच झालं, म्हणून तर वाळवंटात कीर्तनं उभी राहिली. कीर्तनाला येणाऱ्याला कुणी विचारत नाही, तुला टाळ धरता येतो का.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं 31 वं कलम मी वाचलं. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या निवडीने, मोफत शिकण्याचा हक्क आहे. 'त्याच्या' निवडीने. शाळेची सोय आणि आजीची हौस त्यात कुठे येत नाही. जो बोलत नाही, त्याची निवड कशी ओळखायची? त्याच्या झोपेवरून, जेवणावरून, सकाळी दप्तर पाहून तो काय करतो त्यावरून. एवढं वाचायला शिकणं हे आमचं काम आहे.

मी गावच्या शाळेच्या बाजूने बोलले. इथली पोरं त्याच्याबरोबरच मोठी होणार आहेत आणि पुढे याच रस्त्यांवर त्याला भेटणार आहेत. पण नुसतं बाकावर बसवणं मला मान्य नाही. सर्वसाधारण प्राथमिक शाळेत अशा 10 मुलांमागे 1 विशेष शिक्षक असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली सांगितलं आहे. आम्ही तो मागणार. परिपाठाच्या वेळी त्याला बाहेर झाडाखाली थांबू द्या, हेही मागणार. तरी तो रात्री झोपेनासा झाला, मनगट चावू लागला, तर दिवाळीनंतर विशेष शाळा, आणि शहरात भाड्याची खोली घेऊन सूनबाईबरोबर मी राहायला जाईन. हे काल रात्री घरात ठरलं.