कुणी सांगितलं होतं गोळ्या बंद करायला?

खुर्ची ओढ, बस, आणि मोबाइल खिशात ठेव. आठवी ते दहावी मी तुला विज्ञान शिकवलं, तुझ्या धाकट्यालाही शिकवलं. तो अधिकार आज मी पुरेपूर वापरणार आहे. मध्ये बोलायचं नाही.

परवा तुझा भाऊ माझ्याकडे आला होता. आला म्हणजे तुझ्या आईनं पाठवला. शर्टाचं बटण एका काजानं चुकलेलं, दाढी पंधरा दिवसांची. मी चहा दिला. अर्ध्या तासानं त्यावर साय धरली तरी त्यानं कपाला हात लावला नव्हता. प्रयोगाच्या तासाला सगळ्यांच्या आधी बाह्या सरसावणारा मुलगा हा! तीन वर्षं पुण्याच्या अभ्यासिकेत बसला, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत जाऊन परतला, आणि दिवाळीपासून घरात आहे. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. घास तोंडात फिरतो. आंघोळीला उठायचं म्हणजे डोंगर चढायचा असं त्याला वाटतं. खिशातून त्यानं गोळ्यांची पट्टी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. दहाची पट्टी. नऊ कप्पे फोडलेले, एक गोळी शिल्लक. "बाकीच्या दादानं टाकून दिल्या, बाई. ही उशीखाली राहिली होती."

कुणी सांगितलं होतं तुला? डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध नवव्या दिवशी बंद करायला तू कोण?

"नऊ दिवसांत काही फरक नाही" म्हणालास म्हणे. तुमच्या शेतात हळद आहे. लावल्यावर नवव्या दिवशी कंद उकरून बघतोस का, कोंब आला की नाही ते? हळदीला पंधरा दिवस, महिना द्यायचा हे तुला कळतं. नैराश्यावरच्या गोळीचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, काहींना सहा. पहिल्या आठवड्यात उलट मळमळ, अस्वस्थता, झोपेचा विचका, हे होऊ शकतं. म्हणजे त्रासाचे दिवस तू त्याला सोसायला लावलेस आणि गुण यायच्या आत पट्टी फेकलीस.

"सवय लागते" हे दुसरं कारण. दारूची लागते तशी तलफ या गोळ्यांची लागत नाही, मात्रा वाढवत न्यावी लागत नाही. पण महिनोन्‌महिने घेऊन एकदम तोडल्या तर चक्कर येते, डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं, झोप उडते. म्हणून त्या हळूहळू उतरवायच्या असतात, त्याही डॉक्टरांच्या सांगण्यावरून. बरं वाटायला लागल्यावरही पुढे किमान सहा महिने चालू ठेवायच्या असतात. हे विचारायला एक फोन पुरला असता.

आणि एक गोष्ट नीट ऐक. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००४ साली मुलांसाठी आणि २००७ साली चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी या गोळ्यांवर ठळक इशारा छापायला लावला: सुरुवातीच्या काळात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात, लक्ष ठेवा. तुझा भाऊ चोवीसचा आहे. गोळ्या फेक असं तो इशारा सांगत नाही. शेजारी बस, बोलत राहा, डॉक्टरांना कळव, असं सांगतो. तुझं काम ते होतं. तू भिंतीवर सुविचार चिकटवत बसलास.

पहाटे पाचला त्याला उठवून मनाचे श्लोक म्हणायला लावलेस. श्लोकांना मी नावं ठेवत नाही, मी स्वतः रोज म्हणते. पण तीन वाजल्यापासून छताकडे बघत पडलेल्या पोराला पाचला उठवणं याला साधना म्हणत नाहीत, जाच म्हणतात.

या गोळ्या आल्या कुठून, तेही ऐक. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर, सी व्ह्यू रुग्णालयात, क्षयाच्या रुग्णांवर एका नव्या औषधाची चाचणी चालली होती. इप्रोनियाझिड त्याचं नाव. अंथरुणाला खिळलेली माणसं हसायला-बोलायला लागली, वॉर्डात नाचू लागली. नैराश्यावरची पहिली औषधं अशी अपघातानं हाती लागली. ते औषध यकृताला घातक ठरलं म्हणून पुढे मागे पडलं, त्याहून सुरक्षित औषधं आली. पण त्या रुग्णांना कुणी सुविचार ऐकवले नव्हते, हे ध्यानात ठेव.

विचारांवर काम करून नैराश्य हटत नाही, असं मी म्हणतेय का? नाही. हटतं. पण तू केलंस ते काम नव्हे.

"मी अल्बर्ट एलिस" वाचलंय, मला विचारांचं सगळं कळतं, असं तू आईला सांगितलंस. अंजली जोशींचं ते पुस्तक माझ्याही कपाटात आहे. परत वाच, या वेळी सावकाश. एलिस या मानसशास्त्रज्ञानं १९५५ च्या सुमाराला न्यूयॉर्कमध्ये जी उपचारपद्धत मांडली, ती "चांगलं तेवढंच बघ" असं सांगत नाही. माणूस स्वतःवर ज्या सक्त्या लादतो त्यांच्याशी ती वाद घालते. आपल्या मराठीत ती सक्ती एका अक्षरात मावते: च. "मी पास झालंच पाहिजे." पास व्हावंसं वाटणं निरोगी आहे. त्यात "च" शिरला की परीक्षेत नापास होणारा माणूस म्हणूनच नापास ठरतो. उपचारक त्या "च"वर बोट ठेवतो. हा नियम कुणी केला? तो मोडला म्हणून तुझी किंमत शून्य झाली, याला पुरावा काय? असं आठवड्यामागून आठवडे चालतं. तू काय केलंस? भावाच्या मनात एक "च" रुतला होता, तू दुसरा रुतवलास: "तू आनंदी राहिलंच पाहिजेस." आता तो परीक्षेतही नापास आणि आनंदातही नापास.

फिलाडेल्फियाच्या एरन बेकनं साठच्या दशकात असंच काम उभं केलं. त्याच्या रुग्णांच्या मनात तीन गोष्टी सतत घोळत: मी वाईट, जग वाईट, पुढेही वाईटच. बेक ते विचार कागदावर उतरवायला लावायचा आणि कोर्टात तपासावेत तसे तपासायला लावायचा. तुझा भाऊ म्हणतो, "मी घरावर ओझं आहे." ठीक, लिही. बाजूचा पुरावा लिही. आता विरुद्ध बाजूचा. आई पाय मोडून दवाखान्यात पडली तेव्हा रात्री उशाशी कोण बसलं होतं? तू तर नाइट शिफ्टला होतास. हा पुरावा ज्याचा त्याला सापडावा लागतो, दुसऱ्यानं ओरडून सांगितला तर तो उपदेश होतो. त्यासाठी मन थोडं तरी हलतं लागतं. ज्याला वर्तमानपत्राच्या चार ओळी सलग वाचवत नाहीत, तो स्वतःच्या विचारांची उलटतपासणी काय घेणार? म्हणून आजार जड असेल तर आधी गोळी, मग तिच्या आधारानं विचारांचं काम, किंवा दोन्ही एकदम. सौम्य असेल तर कित्येकदा गोळीवाचूनही भागतं. आजार किती खोल आहे हे तपासून ते ठरतं. थायरॉइड आणि बी-१२ सुद्धा बघावं लागतं, कारण त्यांच्या बिघाडातही माणूस असाच मलूल होतो.

अमेरिकेत २००५ साली मध्यम ते तीव्र नैराश्याच्या २४० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सोळा आठवड्यांनी गोळ्यांच्या गटात ५८ टक्क्यांना गुण आला, बेकच्या पद्धतीच्या गटातही ५८ टक्क्यांना. बघ, विचारांचं काम कमी दर्जाचं नाहीच. पण जिथले उपचारक कमी मुरलेले होते तिथं गोळ्याच सरस ठरल्या. आणि तू तर त्या कामाचा एक तासही शिकलेला नाहीस.

फार शिकलेलाच माणूस लागतो असंही नाही. गोव्यात "संगाथ" संस्थेनं सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या स्थानिक माणसांना शिकवून तयार केलं. सहा ते आठ भेटी. सुविचार नाहीत. मागे पडलेली छोटी छोटी कामं पुन्हा सुरू करायला मदत: अंगणापर्यंत चाल, एका मित्राला फोन कर. २०१७ साली निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांनी यांच्यातले ६४ टक्के लोक सावरले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांतले ३९ टक्के. ती माणसं शिकून आली होती, आणि त्यांच्या कामावर कुणाची तरी देखरेख होती.

तुझ्या काकांनाही हे सांग. "केमिकल लोचा आहे" म्हणत चार वर्षं जुनीच चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळ्या आणतात, डॉक्टरांना तोंड दाखवत नाहीत. मेंदूतलं एक रसायन कमी पडलं आणि झालं नैराश्य, इतकं ते सोपं नाही. तू पट्टी फेकलीस, ते पट्टी सोडत नाहीत. दोघांनीही डॉक्टरांना विचारलेलं नाही.

आता मान वर कर. परवा जाताना तो दारात थांबून म्हणाला, "बाई, सकाळी जागच येऊ नये असं वाटतं." हे तुला ठाऊक होतं? विचारलंस कधी, जिवाचं काही करावंसं वाटतं का म्हणून? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. बोलायला वाट मिळते. आणि तुमच्या पडवीत फवारणीचे डबे उघडे पडलेले असतात. आपल्या गावात त्यालाही औषधच म्हणतात. एक औषध तू उकिरड्यावर टाकलंस आणि दुसरं त्याच्या हाताशी ठेवलंस.

आज घरी गेल्यावर आधी ते डबे शेजारच्यांच्या खोलीत कुलपात ठेव. भिंतीवरचे कागद काढ. रात्री त्याच्या खोलीत झोप, बोलला नाहीस तरी चालेल. अपरात्री घाबरलास तर टेली मानसचा १४४१६ हा नंबर आहे, चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. उद्या सकाळच्या पहिल्या एसटीनं त्याला त्याच डॉक्टरांकडे ने आणि गोळ्या मी बंद केल्या, असं स्वतःच्या तोंडानं सांग. पुन्हा कधी, किती, ते ठरवतील. बोलून उपचार करणारं कुणी जवळपास आहे का, तेही विचार.

ही घे पट्टी. डॉक्टरांना दाखव. जा आता, तो घरी एकटा आहे.