विशेषण देण्यापूर्वी

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला आहे : ‘अमुक पात्राचे स्वभावविशेष लिहा.’ उत्तरही ठरलेले. पात्र एक तर गरीब, कष्टाळू, मायाळू असते, नाही तर धूर्त, कपटी, स्वार्थी. चार विशेषणे लिहिली की गुण पदरात पडतात. कथा वाचली नाही तरी गाइड पुरते. पण या साध्या प्रश्नात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. माणसाला विशेषण चिकटवण्याचा अधिकार आपल्याला केव्हा मिळतो?

विशेषण हा निकाल असतो आणि निकालाआधी साक्ष तपासावी लागते. कथेत पात्राविषयीची साक्ष चार वाटांनी येते : ते काय करते, काय बोलते, इतर पात्रे त्याच्याविषयी काय म्हणतात आणि निवेदक काय सांगतो. या चौघांचे वजन सारखे नसते. प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’मधला हामिद घ्या. जत्रेत बरोबरीची मुले खेळणी आणि मिठाई घेतात. हा चार-पाच वर्षांचा पोरका मुलगा आपल्या तीन पैशांत लोखंडी चिमटा घेतो. मुलांच्या साक्षीवर विसंबले तर तो खुळा ठरतो. पण तव्यावर भाजणारी आजीची बोटे त्याच्या ध्यानात होती, हे ठाऊक असले की त्याच कृतीचा अर्थ पालटतो.

इथेच उपरोधाचा विषय निघतो. आपण उपहास आणि उपरोध हे शब्द सैलपणे वापरतो. उपहास दुसऱ्याला हसतो. उपरोध दिसणे आणि असणे यांतले अंतर दाखवतो. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेत खाण बंद पडल्याने बेकार झालेला भीमा मसणात जाऊन मढ्यांचे सोने शोधू लागतो. एका रात्री मढ्याच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि तो ती गमावतो. त्यानंतर खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. दगड फोडणारी बोटे मात्र गेलेली असतात.

‘चोराला शिक्षा झाली’ हे उत्तर वर्गात सहज येऊ शकते. उपरोधाचा धोका तोच आहे. वाचकाला पात्रापेक्षा अधिक कळते आणि त्या अधिक कळण्यालाच तो आपला मोठेपणा समजतो. अशा वेळी शिक्षकाने एवढेच विचारावे : खाण भीमाने बंद केली होती का? पोटाला दुसरे काय होते? मेलेल्याच्या अंगावर सोने ठेवणाऱ्या आणि जित्याच्या हाताला काम न देणाऱ्या जगात आपण कुठे उभे आहोत? मग उपरोधाचे टोक भीमावरून वळून वाचकाकडे येते.

हडपसरमध्ये हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. समाजमाध्यमांवरील आक्षेपार्ह चित्रांवरून पुण्यात तणाव असताना, २ जून २०१४ च्या रात्री, नमाज पढून घरी निघालेला एक तरुण अभियंता इथे जमावाच्या मारहाणीत मारला गेला. तो सोलापूरचा, नोकरीसाठी पुण्यात आलेला. त्या चित्रांशी त्याचा काही संबंध नव्हता. दाढी आणि टोपी एवढीच साक्ष मारणाऱ्यांना पुरली. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने खटल्यातील आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता केली. न्यायालयाला निकालापूर्वी पुरावा लागतो, लागलाच पाहिजे. जमावाला तो लागला नव्हता.

कथा वाचून माणसे सुधारली असती तर जग केव्हाच सुधारले असते, असे कोणी म्हणेल. आक्षेप खरा आहे. कथेतल्या परक्यासाठी रडणारा माणूस शेजारच्या परक्याला घर नाकारतो. त्यात कारण इतकेच की कथेतला परका आपले मन आपल्यासमोर उघडून ठेवतो, शेजारी ठेवत नाही. म्हणून वर्गातून करुणेची हमी देता येत नाही. एक सवय मात्र लावता येते : विशेषण ओठांवर आले की थांबून त्याची साक्ष कोणाची, हे विचारण्याची.

ही सवय आपल्यालाही हवी. मराठी कथेतला मुसलमान एका ओळीत उरकला जातो, मोडक्या मराठीपुरता उभा राहतो, ही आपली तक्रार रास्त आहे. पण आपल्या लेखनातला परका माणूस, किंवा आपल्याच मोहल्ल्यातला मौलवी आणि सुधारक, आपण किती ओळींत उरकतो? ‘इंधन’ लिहिताना हमीद दलवाई यांनी आपल्या माणसांनाही झुकते माप दिले नाही. त्या कादंबरीवर रागावण्यापूर्वी आणि तिच्यावर खूष होण्यापूर्वीही ती पुरती वाचावी लागते.

तेव्हा प्रश्नपत्रिकेत थोडा बदल करून पाहावा. ‘भीमाचे स्वभावविशेष लिहा’ याऐवजी विचारावे : ‘भीमाविषयी तुमचे मत काय? ते कोणाच्या सांगण्यावरून झाले? त्याविरुद्ध जाणारी एक गोष्ट कथेतून शोधा.’ शेवटच्या उपप्रश्नाला सर्वांत जास्त गुण ठेवावेत. गाइडमध्ये त्याचे उत्तर सापडणार नाही. मुलांना कथा पुन्हा वाचावी लागेल.