बोलणी कुणी खायची?

आयर्लंडमध्ये हिमोक्रोमॅटोसिस हा आनुवंशिक विकार फार आढळतो. सुमारे 83 जणांत एकाला त्याचं सदोष जनुक आई आणि वडील अशा दोघांकडून आलेलं असतं. शरीर अन्नातलं लोह गरजेपेक्षा जास्त शोषतं, ते यकृतात आणि स्वादुपिंडात साचत जातं आणि काहींना त्यातून मधुमेह होतो. उपचार म्हणून लोह उतरेपर्यंत दर आठवड्याला जवळजवळ अर्धा लिटर रक्त काढतात. जनुक असूनही सगळेच आजारी पडत नाहीत. पाळीत रक्त जात असल्यामुळे बायकांना त्रास उशिरा सुरू होतो. दारू पिणाऱ्यांचं यकृत लवकर खराब होतं. म्हणजे जनुकाइतकाच जगण्याचाही त्यात हात असतो. तरी या रुग्णाला कुणी बोल लावत नाही.

टाइप टू मधुमेहवाल्याच्या वाट्याला मात्र बोलणीच येतात. शुगर निघाली की ‘तोंडावर ताबा नको का?’ हे पुण्यात म्हणतात, तसं डब्लिनच्या मराठी घरातही म्हणतात. मला हा अन्याय वाटतो, कारण या आजारातही सगळं माणसाच्या हातात नसतं.

2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2 टक्के! याज्ञिकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्यांची बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली 3.5 किलोची. आपली बाळं हाडामांसाने बारीक, पण चरबी त्या मानाने राखून होती. शरीराची ही घडण पोटात असतानाच सुरू होते.

पुढे या शरीराची गाठ डब्लिनच्या डिसेंबरशी पडते. चारनंतर लगेच अंधार, दिवसभर खुर्ची, घरी जायला गाडी, ऑफिसच्या टेबलावर नाताळच्या चॉकलेटचे डबे. वारसा तोच राहून परिस्थिती बदलली की काय होतं, हे पिमा आदिवासींनी दाखवलं आहे: अॅरिझोनात 38 टक्के प्रौढांना मधुमेह, मेक्सिकोच्या डोंगरात शेती करणाऱ्या त्यांच्याच भाऊबंदांत जेमतेम 7 टक्के.

यातून नवा आरोपी मात्र उभा करू नये. आईने गरोदरपणी नीट खाल्लं नाही, असं म्हणणं फार सोपं आहे. त्या खेड्यांतल्या बायका पोटुशी असतानाही शेतात राबत होत्या. ताटात काय पडेल हे त्यांच्या हातात होतं कुठे?

आयरिश सरकारने 1 मे 2018 पासून साखरेच्या पेयांवर कर लावला. दीर्घ आजारांच्या योजनेत तिथे राहणाऱ्या मधुमेहींना, उत्पन्न न पाहता, औषधं मोफत मिळतात. परिस्थितीचा वाटा सरकारने उचलायचा तो असा. आपल्याकडेही हे व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

तिकडच्या मराठी माणसाने बीएमआय पंचविसाच्या आत आहे म्हणून निर्धास्त राहू नये; आशियाई माणसासाठी धोका तेविसापासूनच धरतात. डॉक्टरकडे एचबीएवनसी ही रक्तातल्या साखरेची तपासणी मागून घ्यावी. आकडा वाढलेला निघाला, तर घरातल्या सगळ्यांनीच जेवण बदलावं आणि रात्री त्याच्याबरोबर चालायला बाहेर पडावं.