तेलात चमकणारे कण

गाडीचे तेल बदलले जात असताना आपण कधी जवळ उभे राहिला आहात का? मेकॅनिक इंजिनाखालचा नट सोडतो, काळे गरम तेल ट्रेमध्ये उतरते. तो कामात मुरलेला असेल तर लगेच नवे तेल ओतत नाही. थोडे जुने तेल दोन बोटांत चोळतो आणि उजेडात धरतो. तेल काळे झाले याचे त्याला काही वाटत नाही. काजळी स्वतःत धरून ठेवणे हे तेलाचे कामच आहे. त्याची नजर चमक शोधत असते. काजळी इंधनाची असते, पण चमकणारा धातू इंजिनाच्या अंगाचा असतो.

नव्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसिंगला, म्हणजे साधारण ५०० ते १,००० किलोमीटरनंतर, थोडी बारीक चमक दिसणे स्वाभाविक मानतात. नवे भाग तेव्हा एकमेकांशी जुळत असतात. साधनेच्या आरंभीही असेच घडते. ध्यानाला बसू लागल्यावर ‘माझ्या मनात एवढा राग आहे?’ असे वाटून कित्येक जण घाबरतात आणि साधनाच सोडून देतात. त्यांनी खुशाल बसत राहावे. चिंतेची गोष्ट वेगळी आहे : जुन्या, सुरळीत चालणाऱ्या इंजिनाच्या तेलात बोटावर उचलता येतील असे पापुद्रे सापडणे.

असे पापुद्रे सापडले की मेकॅनिकचा पहिला प्रश्न असतो, हा धातू कोणाचा? तो चुंबक लावून पाहतो. लोखंड, पोलाद चिकटते. पिस्टनचे ॲल्युमिनियम चिकटत नाही आणि बेअरिंगमधले तांबेही चिकटत नाही. तांबूस पापुद्रे असतील तर संशय बेअरिंगवर जातो. येथे इंजिनाच्या रचनेतली एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. क्रँकशाफ्ट कठीण धातूचा असतो आणि तो ज्यात फिरतो ते बेअरिंग मुद्दाम मऊ धातूचे करतात. दोघांमध्ये तेलाचा पातळ थर असेतो कोणी कोणाला शिवत नाही. तो थर तुटला की घर्षण होते आणि आधी झिजतो तो मऊ भाग. इतकेच नाही, तेलातून एखादा धुळीचा कण आला तर बेअरिंग तो आपल्या अंगात रुतवून घेते, म्हणजे शाफ्टवर ओरखडा उमटू नये.

आता आपल्या घराकडे पाहा.

आत्मपरीक्षण करताना आपण बहुधा स्वतःचेच मन तपासतो. आज राग आला का, जप पूर्ण झाला का, चित्त शांत होते का? हे शाफ्टला विचारण्यासारखे झाले, ‘तुझ्यावर काही ओरखडा?’ तो ‘नाही’ म्हणेल आणि ते खरेच असेल. पहाटे साडेचारला उठून नेमाने बसणारा एखादा गृहस्थ डोळ्यांपुढे आणा. वृद्ध आई एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारते. तो ओरडत नाही, थंड आवाजात एवढेच म्हणतो, “आई, मघाशीच सांगितलं ना.” आपण क्रोध जिंकला, असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. काही महिन्यांनी आई विचारेनाशी होते आणि घरात शांतता आल्याचे त्याला समाधान वाटते. रात्रीची गोळी घेतली की राहिली हे आठवले नाही तरी ती विचारत नाही, अंदाजाने घेते किंवा सोडून देते. तिचे ते न विचारणे म्हणजे तेलातला तांबूस पापुद्रा आहे.

कोणी म्हणेल, प्रत्येकाचे कर्म ज्याचे त्याचे. दुसऱ्याच्या मनाचा भार मी का वाहावा? आई मुळातच फार हळवी असेल तर? हा आक्षेप टाकून देण्यासारखा नाही. बेअरिंग झिजले म्हणजे दोष शाफ्टचाच, असे कोणताही मेकॅनिक म्हणणार नाही. तेल कमी पडले असेल, बसवतानाच चूक झाली असेल. पण कर्मसिद्धान्त आपण सोयीने एकाच बाजूने वाचतो : माझ्या वाट्याला आलेले दुःख माझ्या कर्माचे. माझ्या हातून दुसऱ्याची जी झीज होते तीही माझ्याच खात्यावर लिहिली जाते, मग ती माझ्या ध्यानात येवो वा न येवो. दोष किती कोणाचा हे इंजिन उघडल्यावर ठरेल. कण दिसल्यावरही गाडी दामटत राहायचे की नाही, हा निर्णय मात्र संपूर्ण आपला असतो.

बहुतेक जण या टप्प्यावर नवे तेल ओततात. एकादशी, तीर्थयात्रा, आठवड्याभराचे शिबिर. नवे तेल उत्तमच, पण झिजलेले बेअरिंग त्याने भरून येत नाही. धर्मशास्त्राने प्रायश्चित्ताबरोबर पश्चात्ताप आणि ‘पुन्हा असे करणार नाही’ हा निश्चय सांगितला, तो उगाच नाही. आणखी एक धोका आहे. तेलाचा फिल्टर तुंबला तर एक झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाते, कारण तेल अजिबात न मिळण्यापेक्षा अस्वच्छ तेल बरे. इंजिन चालूच राहते, चालकाला काही कळत नाही. वर्षानुवर्षे डोळेझाक केलेल्या माणसाचा विवेक असाच बाजूला पडतो. त्याचे स्तोत्रपठणसुद्धा चुकत नाही.

हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समध्ये एक चुंबकी यंत्र बसवलेले असते. धातूचे कण त्याला चिकटले की वैमानिकासमोर दिवा लागतो आणि तो शक्य तितक्या लवकर खाली उतरण्याच्या तयारीला लागतो. पुष्कळदा साधा बारीक गाळच निघतो. तरीही उतरतात; मागे माणसे बसलेली असतात.

गेल्या वर्षभरात घरातल्या कोणी आपल्याला काय सांगायचे, काय विचारायचे सोडून दिले आहे? हे शोधायला ध्यानाला बसण्याची गरज नाही. उद्या सकाळी चहा घेऊन आईजवळ बसा, गोळ्यांची डबी उघडा आणि किती उरायला हव्या होत्या, किती उरल्या आहेत, हे तिच्याबरोबर मोजा. तिने चौथ्यांदा काही विचारले, तर ती अजून विचारते आहे.