नवी नळी, जुनी गाडी

पोर्शे 911 या जर्मन स्पोर्ट्स कारचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असते. 1963 साली फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी प्रथम मांडली गेली. तेव्हापासून 1998 पर्यंत विकल्या गेलेल्या गाड्यांच्या इंजिनाभोवती पाणी खेळवलेले नव्हते. पंख्याची हवा आणि तेल या दोघांवरच त्याचा थंडावा अवलंबून असे. तेलाची व्यवस्थाही नेहमीच्या मोटारीपेक्षा निराळी होती. इंजिनाच्या तळाशी उतरलेले तेल तिथे साचू न देता एक पंप उपसून बाजूच्या टाकीकडे धाडतो आणि दुसरा पंप टाकीतले तेल दाबाने बेअरिंगांपर्यंत पोहोचवतो. 1969 च्या 911 एसपासून जास्त ताकदीच्या गाड्यांना पुढच्या उजव्या मडगार्डात आणखी एक ऑइल कूलर मिळाला. मागचे तेल पुढे न्यायचे आणि परत आणायचे, तर गाडीच्या जवळजवळ पूर्ण लांबीच्या दोन नळ्या हव्यात. त्या उजव्या दाराच्या उंबऱ्याखालून जातात. मागच्या उजव्या चाकाच्या पुढ्यात थर्मोस्टॅट असतो. तेल गार आहे तोवर तो ते परस्पर टाकीत सोडतो, आणि ते साधारण 85 अंश सेल्सिअसपर्यंत तापले की पुढच्या कूलरची वाट उघडतो.

या नळ्यांचा लांब भाग धातूचा असतो आणि जिथे हादरे सोसायचे तिथे रबरी होज असतो. होजच्या टोकाला धातूची बाही दाबून पक्की केलेली असते. तीस-चाळीस वर्षांत रबर कडक होते, त्याला चिरा पडतात, बाहीपाशी तेल पाझरू लागते. युरोपात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात; ते पाण्याबरोबर उडून उंबऱ्याखाली साचते आणि नळ्या बाहेरून खाते. सर्वांत अवघड जागा थर्मोस्टॅटची. त्याचा देह अॅल्युमिनियमचा, त्यावर आवळलेला नट पोलादी. दोन भिन्न धातू आणि मधे खारट ओल, म्हणजे विद्युत्-रासायनिक गंज आलाच. नट 36 मिलिमीटरच्या पान्याचा असतो. जोर लावला तर तो सुटण्याऐवजी नळीलाच पीळ पडतो, किंवा अॅल्युमिनियमचे आटे नटाबरोबर ओरबाडले जातात. जाणता कारागीर अशा वेळी जोर लावतच नाही. तो पातळ चकतीने नटाला उभी खाच पाडतो, आट्यांच्या अगदी अलीकडे हात थांबवतो, आणि खाचेत छिन्नी ठेवून एका ठोक्यात नट फाकवतो. नट जातो, थर्मोस्टॅटचे आटे वाचतात.

पुढे दोन मार्ग उरतात. एक, नळ्यांचा संपूर्ण नवा संच आणून बसवणे. दुसरा, जुन्याच नळ्या पुन्हा उभ्या करणे. दुसऱ्या मार्गात दाबलेली बाही कापून जुने रबर काढतात, धातूची टोके साफ करून तपासतात, नवा तेलरोधक होज चढवून नवी बाही दाबतात. होज काढण्यापूर्वी दोन्ही टोकांचा एकमेकांशी असलेला कोन खुणेने नोंदवावा लागतो. तो कोन चुकला तर होज पिळलेला बसतो आणि तापलेल्या तेलाच्या दाबाखाली जोडावर कायमचा ताण येतो. वळणे आणि जोडटोके कारखान्यातून निघाली तीच राहतात. रबर, बाही आणि कापलेला नट नवा येतो.

अशी दुरुस्ती झालेली नळी ‘तीच’ का? आणि तिच्यासारखे अनेक भाग बदललेली गाडी ‘तीच’ का? हा प्रश्न मोटारींच्या कितीतरी आधीचा आहे. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की अथेन्सच्या लोकांनी आपला पौराणिक वीर थीसियस याचे जहाज जपून ठेवले होते. फळी कुजली की ती काढून नवी बसवत. त्यामुळे वाढणाऱ्या वस्तूविषयीच्या वादात तत्त्वज्ञ या जहाजाचे उदाहरण घेऊ लागले. काहींच्या मते ते तेच होते, काहींच्या मते नव्हते. सतराव्या शतकात इंग्रज तत्त्वज्ञ टॉमस हॉब्सने या कोड्याला आणखी एक पेच घातला. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून त्याच क्रमाने पुन्हा जोडल्या, तर थीसियसचे जहाज कोणते? दोन्ही असू शकत नाहीत.

भारतात हा वाद अधिक खोलवर गेला, कारण इथे तो वस्तूपुरता नव्हता. आत्मा, कर्म आणि मोक्ष यांचा निकाल त्यावर ठरणार होता. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन यवन राजा मिलिंदाला विचारतो की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे नक्की काय. आस रथ नाही, चाके रथ नाहीत, जू रथ नाही, आणि हे सारे वगळून वेगळा रथही सापडत नाही. राजाला मान्य करावे लागते की या भागांच्या आधाराने ‘रथ’ हा केवळ व्यवहार चालतो. नागसेन मग म्हणतो की माणसाचेही तसेच. याच ग्रंथात पुढे रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला येतो. पहिल्या प्रहरीची ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत एक म्हणता येत नाही, वेगळीही म्हणता येत नाही. एकाच्या आधारे दुसरी अशी अखंड मालिका असते. ‘मूळ गाडी’ नावाचा गाभा इंजिनाच्या आवरणात, चॅसिसमध्ये किंवा नंबराच्या पट्टीत दडलेला आहे, असे मानणाऱ्याला हे उत्तर सर्वांत अस्वस्थ करणारे आहे.

न्याय आणि वैशेषिक या जोडदर्शनांना नागसेनाचे उत्तर पटले नाही. त्यांच्या मते अवयवांहून निराळा ‘अवयवी’ खरोखर असतो. सूत म्हणजे वस्त्र नव्हे. वस्त्र सुतात समवाय म्हणजे अतूट संबंधाने राहते. ते नुसते नाव असते तर एक टोक धरून ओढल्यावर सगळे ओढले गेले नसते. इथपर्यंत हे मत गाडीच्या मालकाला दिलासा देणारे वाटते, पण पुढचा भाग कठोर आहे. अवयवांचा संयोग तुटला की जुना अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्या अवयवांतून नवा उपजतो. ‘ही तीच’ अशी जी ओळख पटते ती सारखेपणामुळे. या हिशेबाने उंबऱ्याखालची नळी सुटली त्या क्षणी एक गाडी संपली. तर्क निर्दोष आहे, पण व्यवहाराला तो पेलत नाही. उष्णतेबाबत या दोन दर्शनांत जो मतभेद झाला तो इथे विशेष लागू पडतो. कच्चे मडके भट्टीत लाल होते तेव्हा काय घडते? वैशेषिक म्हणतात की मडके परमाणूंपर्यंत विखुरते, परमाणूंचा रंग बदलतो आणि मडके नव्याने जुळते, हा पीलुपाकवाद. नैयायिक म्हणतात की मडके मडकेच राहते, भाजते ते अख्खे मडके, हा पिठरपाकवाद. नैयायिकांची बाजू इथे बळकट आहे. भट्टीत डोकावणाऱ्याला मडके मोडलेले कधीच दिसत नाही, आणि त्यावर ठेवलेले दुसरे मडकेही ढासळत नाही. बदलातून जाणारी वस्तू टिकते, हे अनुभवाचे साधे म्हणणे त्यांनी सोडले नाही.

जैन विचार नागसेन आणि न्याय-वैशेषिक या दोन टोकांच्या मधून वाट काढतो. उत्पाद (उपजणे), व्यय (नष्ट होणे) आणि ध्रौव्य (टिकून राहणे) ही तिन्ही एकाच सत् वस्तूची, एकाच वेळची लक्षणे आहेत. आचार्य समंतभद्रांचा दाखला प्रसिद्ध आहे. सोन्याचा घट मोडून मुकुट घडवला. ज्याला घट हवा होता तो दुःखी झाला, ज्याला मुकुट हवा होता तो आनंदला, आणि ज्याला सोनेच हवे होते त्याला ना सुख ना दुःख. तिघांच्या भावना निराधार नाहीत. वस्तूत खरोखर तिन्ही गोष्टी घडल्या आहेत. जुन्या गाडीभोवतीही असे तिघे जमतात. कारखान्यातल्या धातूच्या प्रत्येक कणाची किंमत करणारा संग्राहक कापलेल्या नटाने हळहळतो, डोंगरातल्या रस्त्यावर तेलाचा पारा न चढता गाडी पळवू पाहणारा नव्या होजने खूश होतो, आणि त्या गाडीचा इतिहास ज्याला हवा आहे त्याचे काहीच बिघडत नाही.

हा वाद एकदा इंग्लंडच्या न्यायालयातही गेला. 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षे ‘ले मान्स’ची चोवीस तासांची शर्यत जिंकलेली ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटले स्पीड सिक्स गाडी 1990 मध्ये विकली गेली. पुढच्या काळात तिचे इंजिन, बॉडी, चॅसिस यांत इतके फेरबदल झाले होते की पहिल्या विजयाच्या वेळचे फारच थोडे तिच्यात उरले होते. खरेदीदाराने व्यवहार नाकारला. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. नवे भाग अशा गतीने आणि इतक्या काळात सामावले गेले की गाडीची ओळख कोणत्याही टप्प्यावर तुटली नाही, त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडीही अस्तित्वात नाही, आणि विकला जात होता तो धातूबरोबर तिचा इतिहासही, असा त्या निकालाचा आशय आहे. न्यायालयाने नकळत नागसेनाच्या मालिकेला कायद्याचे बळ दिले. त्यात एक अट मात्र होती: मालिका अखंड हवी, आणि दावेदार एकच हवा.

धर्मपरंपरांनी हीच अखंडता विधीने सांभाळली आहे. पुरीच्या जगन्नाथाच्या लाकडी मूर्ती ठरावीक अधिक आषाढात नव्याने घडवल्या जातात. हा नवकलेवर विधी 1996 आणि 2015 मध्ये झाला. जुन्या मूर्तीतला ‘ब्रह्मपदार्थ’ नव्या मूर्तीत ठेवला जातो आणि जुन्या मूर्तींना समाधी दिली जाते. जपानमधल्या इसे इथले देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर पूर्ण नवे बांधतात. 2013 मध्ये 62 वी पुनर्बांधणी झाली. तिथे लाकूड नवे असते, पण सुताराचा हात, जोडणीची रीत आणि विधी जुने असतात. दक्षिणेतल्या आगमपरंपरेत मंदिराच्या जीर्णोद्धारापूर्वी देवतेची शक्ती कलशात आवाहन करून घेतात आणि काम संपल्यावर परत प्रतिष्ठित करतात. या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे. बदल आपोआप ‘तेच’पण राखत नाही, ते कोणाला तरी राखावे लागते, ठरलेल्या क्रमाने, जबाबदारीने.

इथे तत्त्वज्ञांच्या वादात सहसा न येणारा मुद्दा पुढे येतो. जहाज, रथ, मडके यांच्याबद्दल बोलताना ते पाहणाऱ्याच्या जागेवरून बोलतात: समोर एक वस्तू आहे, ती तीच का ते सांगा. दुरुस्ती करणाऱ्याची जागा वेगळी असते. गाडी पुढे तीच राहील की नाही हे काही अंशी त्याच्या हातात असते. जुने तेल काढून नवे भरले तर गाडी बदलली असे कोणी म्हणत नाही. रबर झिजण्यासाठीच बनले आहे. धातूची वळणदार नळी कारखान्याच्या हाताची साक्ष आहे. इंजिनाच्या आवरणावर कोरलेला नंबर तर गाडीच्या कुळाचा दाखला. सगळे अवयव सारखे नसतात. नागसेनाने ते एका ओळीत मांडले, कारण त्याला कोणत्याही एका अवयवात सार सापडू द्यायचे नव्हते. त्याचा निष्कर्ष मानूनही एवढे म्हणता येते की सार कशातच नसले तरी साक्ष काही भागांत जास्त असते, काहींत कमी. म्हणून नवा संच स्वस्त आणि सोपा असतानाही, नळी शाबूत असेल तर तीच साफ करून तिच्यावर नवा होज चढवणे हे अधिक योग्य काम आहे. आतून गंजून पातळ झालेली नळी मात्र जुनी म्हणून ठेवणे चूकच. ती वाटेत फुटली तर तापलेले तेल मागच्या चाकाखाली सांडते आणि गाडी, माणूस, इतिहास सारेच धोक्यात येते.

हॉब्सचा पेच व्यवहारात कुठे उरतो, तेही यातून स्पष्ट होते. काढलेल्या जुन्या होजातून दुसरी गाडी उभी राहत नाही. ते रबर पुन्हा तेल धरूच शकत नाही. पेच उद्भवतो तो चॅसिस, बॉडी आणि इंजिन वेगवेगळ्या हातांत गेले आणि प्रत्येकाने त्याच नंबराची गाडी बांधली तेव्हा. ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या जागतिक संघटनेची ‘तुरीन सनद’ म्हणूनच नोंदीवर भर देते. शक्य तेवढे जुने राखावे, नव्याने आलेले भाग टिकाऊ पण डोळ्यांत न खुपणाऱ्या खुणांनी ओळखता यावेत, आणि केलेल्या कामाचे दस्तऐवज वाहनासोबत असावेत, असा तिचा आग्रह आहे. तेलवाहिन्यांच्या बाबतीत याचा अर्थ असा की काम सुरू होण्यापूर्वीची छायाचित्रे, कोणता भाग राखला आणि कोणता बदलला याची यादी, आणि कापून काढलेल्या बाह्या व फाकलेला नट एका चिठ्ठी लावलेल्या पिशवीत, हे सगळे गाडीच्या कागदपत्रांबरोबर पुढच्या मालकाकडे जावे. नोंद नसलेली चोख दुरुस्ती आणि खोटेपणाने जुनी भासवलेली नवी नळी यांत बाहेरून पाहणाऱ्याला काही काळाने फरक करता येत नाही. पहिल्या कारागिराने प्रामाणिकपणे केलेले काम तेवढ्यामुळे संशयाच्या रांगेत जाऊन बसते.