गोडवा कुठून आला

माझ्या टेबलावर दोन यंत्रं शेजारीशेजारी आहेत. एक काचेच्या व्हॉल्व्हचं ट्यूब प्रीअ‍ॅम्प, दुसरं तळहातावर मावणारं ट्रान्झिस्टरचं अ‍ॅम्प्लिफायर. हेडफोन एकच. कुणी विचारलं की माझ्या तोंडून लगेच निघतं, गाणं ऐकावं तर ट्यूबवर. हे उत्तर फार सहज येतं, म्हणूनच त्याची झाडाझडती घ्यावीशी वाटते. ते माझ्या कानांचं आहे की हौसेचं?

ट्यूब स्वरात भर घालते, हे तर मान्यच करायला हवं. मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांचा थोडा अंश ती पदरचा मिसळते. षड्जाची दुप्पट म्हणजे तार षड्ज. तो कोणत्याच रागाला परका नाही, त्यामुळे ही भर कानाला भेसळ वाटत नाही, गोडवा वाटतो. पण कमी प्रमाणात का होईना, तिप्पट कंपनंही येतात, आणि षड्जाची तिप्पट म्हणजे तार सप्तकातला पंचम. मालकंसात पंचम वर्ज्य. त्या रागासाठी तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात मिळवून घेतात. षड्जाच्या तारेतही पंचमाचा अंश उपजत असतो हे खरं. पण तो तारेचा आहे, गायकाने ऐकून स्वीकारलेला आहे. माझ्या यंत्राने घातलेला अंश त्याने कधी ऐकलाच नाही. मग त्या आवाजाला मी ‘अस्सल’ कशाच्या बळावर म्हणतो? मला आवडतो, एवढंच म्हणण्याचा माझा अधिकार आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक टोचते. १९५०च्या दशकातली ध्वनिमुद्रणं मी फार ऐकतो. त्या काळच्या मायक्रोफोनपासून टेपरेकॉर्डरपर्यंत जवळजवळ सगळीकडे व्हॉल्व्हच होते. म्हणजे ट्यूबचा रंग त्या गाण्यावर आधीच चढलेला आहे. ट्रान्झिस्टर तो आहे तसा पोचवतो. ट्यूबवर ऐकताना मी त्यावर आणखी एक हात फिरवतो आणि त्यालाच जुन्या गाण्याची भक्ती समजतो.

‘भरदार खर्ज’ म्हणून मी ज्याचं कौतुक करतो, त्यामागे साधा हिशेब आहे. माझा हेडफोन ३०० ओहमचा म्हणून विकला जातो, पण शंभर हर्ट्झच्या आसपास त्याचा अडथळा ५०० ओहमच्या घरात जातो. ट्यूबवाल्या यंत्राच्या पोटातला अडथळा १०० ओहम धरला, तर मधल्या स्वरांना विजेचा ७५ टक्के दाब मिळतो आणि खर्जाला ८३ टक्के. खर्ज जवळपास एक डेसिबलने वर येतो. ट्रान्झिस्टरचा आतला अडथळा बहुधा एक-दोन ओहमच, त्यामुळे तिथे हा फुगवटा नाही. यात ट्यूबच्या आत्म्याचा वगैरे काही संबंध नाही. ट्रान्झिस्टरच्या वाटेत १०० ओहमचा एक रेझिस्टर घातला, तरी तेच ऐकू येईल.

म्हणून पुतण्याला तारा बदलायला बसवलं आणि डोळे मिटून ऐकलं. आवाजाची पातळी आधी मल्टीमीटरने जुळवली, कारण अर्धा डेसिबल मोठं वाजणारं यंत्र कानाला मोठं वाटत नाही, चांगलं वाटतं. पखवाजाच्या घुमाऱ्यावर मला ट्यूब ओळखता आली. नुसत्या कंठावर नाही. ज्या कंठासाठी मी ट्यूबची एवढी वकिली करतो, तिथेच माझे कान गप्प राहिले. डोळे उघडून काचेतला तो तांबूस उजेड पाहिला, आणि तोच आवाज पुन्हा ऊबदार वाटू लागला. हे मला लपवायचं नाही.

शिवाय आमच्या माकणी गावात ट्यूबचा आवाज रोज सारखा तरी कुठे असतो? निम्न तेरणा धरणाच्या पाण्यावर मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं. २३०चे १९० झाले, की ज्या फिलॅमेंटला ६.३ व्होल्ट हवेत, त्याला रेग्युलेटर नसेल तर ५.२च मिळतात. व्हॉल्व्ह थंडावतो, आवाज बदलतो. शेतकरी रात्रीच्या लाइटीला दारे धरायला गेलेला असताना मी काच तापवण्यावर ट्रान्झिस्टरच्या कितीतरी पट वीज जाळतो, हाही विचार मनात येतो. आकडा लहान आहे. विचार लहान नाही.

ट्यूब मी विकणार नाही. तिचा रंग मला आवडतो, आणि आवडणं हा गुन्हा नव्हे. पण कॉलेजातलं एखादं पोरगं साठवलेले पैसे घेऊन येतं आणि विचारतं, “काका, कोणतं घेऊ?” तिथे माझी आवड सल्ला म्हणून खपवणं बरोबर नाही. व्हॉल्व्ह गेला तर लोहाऱ्यात, उमरग्यात मिळत नाही. आत दोनशे व्होल्टही खेळत असू शकतात. स्वस्तातल्या ट्यूबवाल्या डब्यांत तर बऱ्याचदा हेडफोन शेवटी ट्रान्झिस्टरच हलवतो. त्याला मी म्हणतो, “आधी चांगला हेडफोन घे. उरलेल्या पैशात साधं ट्रान्झिस्टरचं अ‍ॅम्प. ट्यूबची ओढ वाटलीच तर माझ्याकडे ये, हवं तेवढं ऐक. फक्त तारा मी बदलणार, आणि तू तिकडे बघायचं नाही.”